अक्कानं लावलेला ताड

माझं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. माहेर नेकनूरकडचं, सासर धर्मापुरीजवळच्या एका गावात. गाडी दारात उभी राहिली आणि मी रडरडून सुजलेल्या डोळ्यांनी तशीच बसून राहिले. कुणीतरी म्हणालं, "उतर की बाई, कावून बसलीस?" तेवढ्यात एका उंच बाईनं मला सरळ कडेवर उचललं आणि माप ओलांडायला उंबऱ्यापाशी उभं केलं. ती माझी थोरली जाऊ. सगळ्या घरासारखी मीही तिला अक्का म्हणू लागले.

अक्का पूर्वेकडची, तेलंगणातली. आमच्या लोकांत गळ्यात लिंग बांधलेलं घर असलं की भाषा कोण विचारतो, सोयरीक दूरदूर होते. तिच्या माहेराला तेव्हा आगगाडी नव्हती, बैलगाडीनं आठ दिवस लागत. तिचं मराठी मोडकं होतं. 'ळ' तिच्या तोंडात फार जड यायचा आणि बायका तो ऐकायला मुद्दाम तिला बोलायला लावायच्या. तीही हसायची. पदराखाली तिच्या कमरेला कायम तिची चार वर्षांची मुलगी लटकलेली असे.

ती पोर आदल्या उन्हाळ्यात आईबरोबर आजोळी जाऊन आली होती. तिथं तिनं ताडगोळे खाल्ले होते. अक्काच्या बोलीत त्याला मुंजलु म्हणत. आमच्याकडं शिंदीची झाडं ओढ्याओढ्याला, पण ताड मैलोगणती दिसायचा नाही. पोरीला ते काय ठाऊक? रोज जेवायला बसली की ती म्हणायची, "मुंजलु दे." भाकरी दिली तरी, गूळ दिला तरी, "मुंजलु दे."

भाद्रपदात अक्काचा भाऊ बहिणीला भेटायला आला आणि एका पोत्यात पिकलेली ताडफळं घेऊन आला. गोळ्यांचा हंगाम सरला होता. ही फळं काळी, नारळाएवढी, आणि त्यांचा वास इतका दाट की दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा विचारू लागली, काय आणलं म्हणून. आमचं किराणा आणि धान्याचं दुकान घराला लागूनच होतं. अक्कानं एक फळ सोललं. आत नारिंगी गर, दोऱ्यादोऱ्यांचा. पोरीनं तो चोखून चोखून गाल नारिंगी करून घेतले आणि शेवटी म्हणाली, "ह्ये न्हाई. मुंजलु."

"मुंजलु झाडाला लागतात," अक्का म्हणाली. "आपण झाड लावू. मग तू खा."

त्या फळातून तीन मोठ्या बिया निघाल्या. थोरले दीर, म्हणजे अक्काचे मालक, तेव्हा चांगल्या मनात होते. पोरीवर त्यांचा फार जीव. ते म्हणाले, "विहिरीपाशी लाव. तिथली काळी माती लई भारी हाय."

अक्कानं मान हलवली. "काळ्यात पाणी साचतं. बी कुजंल. याला वर कोरडं लागतं, खाली ओल."

तिनं आमच्या शेताची ओढ्याकडची बाजू निवडली. तिथं वाळू आणि मुरूम होता, पीक धड येत नसे. मीही गेले होते. अक्कानं वीतभर खोल तीन खड्डे काढले, एकापासून दुसरा दहा पावलांवर. बिया आडव्या ठेवायच्या, असं तिनं पोरीला दाखवलं. पोरीनं तिन्ही बिया स्वतःच्या हातानं ठेवल्या, वर माती लोटली आणि माती थोपटून तिथंच बसून राहिली. उठेचना. झाड आत्ताच येणार असं तिला वाटत होतं.

दिवाळीच्या आसपास तिला ताप भरला. घसा सुजला, पाणी उतरेना. थोरल्यांनी परळीहून हकिमाला आणायला गाडी पिटाळली. हकीम आला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, आणि पोर त्या आधी गेली होती. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. थोरल्यांनी तिला स्वतः उचलून नेलं आणि ओढ्याकडच्या त्याच कोपऱ्यात, बिया लावल्या तिथून थोड्या अंतरावर तिची जागा केली. परत आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत मातीनं भरल्या होत्या. त्यांनी हात धुतले नाहीत. तसेच दुकानात जाऊन गादीवर बसले.

त्यानंतर अक्का रोज दुपारी शेतात जायची. पाणी घालायची नाही, खुरपायची नाही, नुसती बसायची. मला एकटीला घरात करमत नसे म्हणून मी तिच्या मागं जायची. एक दिवस मी विचारलं, "अक्का, दोन महिनं झालं, बी मेलं आसंल का?"

"न्हाई. ते खाली जातंय."

"खाली कावून?"

"ताड पयल्यांदा खाली जातो. हातभर, दोन हात. खाली ओल गावली की मग वर पान. वरीस लागतं. तवर उकरायचं न्हाई, हलवायचं न्हाई. हलवलं की मेलं. याला एकदा लावलं की दुसरीकडं नेता येत न्हाई."

मी बारा वर्षांची व्हायची होते. मार्गशीर्षातल्या एका दुपारी अक्का दळणात अडकली होती आणि मी एकटीच शेतात गेले. खरं सांगते, मला तिला खबर द्यायची होती. बी जिवंत आहे असं जाऊन सांगितलं तर ती हसेल, असं माझ्या डोक्यात आलं. खुरपं घेऊन मी एक जागा उकरू लागले. बी लागली. तिच्यातून जाड, पांढरी नळी निघून सरळ खाली गेली होती. ती कुठं संपते ते बघायला मी उकरत गेले, हात कोपरापर्यंत आत गेला, आणि ओढताना ती नळी कट्कन मोडली.

मी तो तुकडा पदरात लपवून घरी आणला आणि परसात जाऊन रडत बसले. अक्कानं मला शोधून काढलं. माझा पदर उघडला, तुकडा पाहिला. मला वाटलं आता मार बसणार. ती जरा वेळ उकिडवी बसली, मग उठली, तुकडा धुतला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर भाजला. साल काढून त्याचे दोन भाग केले.

"खा," ती म्हणाली. "आमच्याकडं खातात. थंडीत."

बटाट्यासारखं लागलं. थोडं कडवट. तिनं तिचा भागही खाल्ला. तिचे डोळे सारखे वाहत होते आणि ती चावत होती.

उरलेल्या दोनांपैकी एक पुढं रानडुकरांनी उकरून खाल्लं. त्यांना तो कोंब फार आवडतो म्हणे. तिसऱ्यानं मात्र वर्षानं पान काढलं. एकच, लांब, घडी घातलेलं, तलवारीच्या पात्यासारखं. अक्कानं त्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. तरी एकदा कुणाच्या तरी बैलानं ते पान खाऊन टाकलं. मी धावत तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, "खाऊ दे. जीव खाली हाय त्याचा." आणि खरंच, पावसाळ्यात दुसरं पान आलं.

पुढं कितीतरी वर्षं ते झाड जमिनीशीच बसून होतं. पानं येत, पंख्यासारखी उघडत, पण खोड म्हणून काही दिसेना. गावातले लोक म्हणत, "तेलंगणीनं झाड लावलं का झाडणी?" अक्का ऐकून घ्यायची. मला म्हणायची, "आधी बुंधा जमिनीत रुंद होतो. मग उठतो." ती दरवर्षी दिवाळीनंतर झाडापाशी जाऊन उभी राहायची आणि आल्यावर थोरल्यांना सांगायची, "आता सात वर्षांची आसती." दुसऱ्या वर्षी, "आठ." थोरले ऐकत. पान लावत असले तर हातातला कात खाली ठेवत, एवढंच.

अक्काला पुन्हा मूल झालं नाही. झाड जेमतेम माझ्या खांद्याला आलं त्या वर्षी थोरल्यांनी दुसरं लग्न केलं. सासूबाईंनी ठरवलं होतं. नव्या सवतीला ओवाळायला अक्काच पुढं झाली. घरात कुणाला भांडण ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून अक्का थोरल्यांच्या समोर येणं टाळू लागली आणि पोरीचं वयही त्यांना सांगेनाशी झाली. ते ती मला सांगायची.

मधे एक वर्ष पाऊसच झाला नाही. विहिरीत हंडा बुडेना. लिंबाची झाडं वाळली, शिंद्या पिवळ्या पडल्या. ताड हिरवा राहिला. अक्का बुंध्यावर हात ठेवून म्हणाली, "याची मुळी आपल्या विहिरीच्या बी खाली गेली." त्या वर्षी मी तिला पहिल्यांदा अभिमानानं बोलताना ऐकलं.

बी लावल्याला अठरा वर्षं झाली तेव्हा झाडाला फुलोरा आला. मी तोवर तीन लेकरांची आई होते. झाड दोन पुरुष उंच होतं. अक्का वर बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मला काही कळेना. मग तिनं माझा दंड धरला.

"ते बघ, बारीक बारीक गोळे. दांडीला. नर आसता तर नुसत्या लांब शेंगा आल्या आसत्या, बोटांसारख्या. ही मादी हाय गं. पोरगी हाय."

ती हसली, आणि अठरा वर्षांपूर्वी मला गाडीतून उचलणारी बाई मला पुन्हा दिसली. घरी जाऊन तिनं गोड केलं. कुणी विचारलं तर सांगितलं, "आसंच."

पण ते गोळे वाढले नाहीत. महिनाभरात काळे पडून गळाले. अक्कानं ते वेचून ओच्यात घेतले आणि मला समजावलं. ताडात नर वेगळा, मादी वेगळी. नराची भुकटी वाऱ्यानं उडून मादीवर पडली तरच फळ धरतं. तिच्या माहेरी ताडांची रानंच्या रानं, तिथं कुणाला याचा विचारही करावा लागत नाही. इथं आजूबाजूला एकही ताड नाही.

मी तिच्याकडं बघितलं नाही. मला ती मोडलेली नळी आठवली. कदाचित तो नर असता. तिलाही तेच आठवलं असणार, कारण ती पटकन म्हणाली, "डुकरांनी खाल्लं तो नर आसंल." तिनं असं म्हटलं आणि मला जास्तच रडू आलं.

पुढच्या फाल्गुनात तिचा भाऊ तिला न्यायला आला. त्याच्या मुलाचं लग्न होतं. अक्का कितीतरी वर्षं माहेरी गेली नव्हती. तिनं पेटी भरली, लुगडी, दागिने, सगळं घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला परसात नेलं.

"तिकडून नराचा फुलोरा आणती मी. वाळला तरी भुकटी राहती म्हणं. शिंदीवर चढणाऱ्याला बोलावू, वर झटकायला लावू. तवर आपल्या झाडाला गोळे आलेले आसतील."

"थोरल्यांना सांगितलं का?"

"कुणाला सांगू नकोस बाई. हसतील. म्हणतील, म्हातारपणी येडी झाली."

ती चाळिशीचीही नव्हती.

मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या मालकांनासुद्धा नाही. गाडी गेली. थोरले दुकानाच्या दारात उभे होते, पेटी गाडीत चढवताना बघत होते.

ती गेली आणि पंधरा दिवसांत शिंदी उतरवायचा ठेका घेतलेला गुत्तेदार दुकानात आला. त्यानं ताड पाहिला होता. म्हणाला, "सावकार, झाड ताडीला द्या. आमचा माणूस मडकी लावंल." आमचं घर शिवभक्तांचं, दारूला शिवत नाहीत. दुकानात चार लोक बसले होते, ते हसले. एक म्हणाला, "आता किराण्यासंगट ताडी बी मिळंल की!" सवतीच्या थोरल्या मुलीची सोयरीक चालू होती. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. सासूबाई म्हणत होत्या, इज्जत जाईल. थोरले गादीवरून उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी गड्यांच्या भाकरी घेऊन शेतात गेले तर ओढ्याकडून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. दोन माणसं ताडाच्या बुंध्याशी होती आणि थोरले बाजूला उभे होते. घाव अजून फार खोल गेला नव्हता. ताडाचं लाकूड बाहेरून लोखंडासारखं, कुऱ्हाड उडत होती. वर नवे गोळे आलेले मला दिसले.

थोरल्या दिरापुढं धाकटी सून बोलत नाही. एकोणीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. समोर आले तर पदर ओढून भिंतीकडं तोंड करायचं, अशी रीत. मी पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. थांबा, अक्का यासाठीच गेली हाय, ती परत येणार हाय. एवढंच. थोरल्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी पदर ओढला आणि मान फिरवली. झाड पडेपर्यंत मी तशीच उभी होते.

अक्का चैत्राच्या शेवटी आली. गाडीतून उतरली ती मांडीवर धरलेलं फडक्याचं गाठोडं घेऊनच. आठ दिवस तिनं ते खाली ठेवलं नव्हतं, असं तिला सोडायला आलेल्या भाच्यानं सांगितलं. घरात न येता ती परस्पर शेताकडं निघाली. मी मागं पळाले. "अक्का, थांबा. अक्का, आधी पाणी प्या." ती भरभर चालत होती आणि बोलत होती. नवरदेव कसा दिसला, भावजय किती म्हातारी झाली, फुलोरा मिळवायला तिनं कुणाला किती विनवण्या केल्या. बांधावर चढली आणि तिचं बोलणं थांबलं.

ती बुंध्यापर्यंत गेली. आजूबाजूला वाळलेली पानं पडली होती. तिनं वाकून घाव पाहिला, तोडलेल्या भागावरून हात फिरवला. मग खाली बसून गाठोडं सोडलं. आत तपकिरी, सुकलेल्या, बोटांसारख्या शेंगा होत्या.

"कुणी?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. गुत्तेदाराचं सांगितलं, सोयरिकीचं सांगितलं. मी तिथं उभी होते, हेही सांगितलं.

"तू काय म्हणालीस?"

"काय न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला अजून वाटतं, तिनं मला तेव्हा मारायला हवं होतं. ती म्हणाली, "तू तरी काय म्हणणार," आणि गाठोडं पुन्हा बांधलं. उठली, पोरीच्या जागेपाशी गेली, आणि ते गाठोडं तिथं हातानं माती उकरून पुरलं. मी मदतीला वाकले तर तिनं माझा हात बाजूला केला. आयुष्यात एकदाच.

त्यानंतर ती आठ वर्षं जगली. कामं सगळी केली, सवतीच्या मुलींची लग्नं केली, माझ्या लेकरांना न्हाऊमाखू घातलं. थोरल्यांशी मात्र बोलली नाही. खोडाचा मधला भाग पोखरून त्यांनी मोटेच्या पाण्यासाठी पन्हळ करून घेतली होती. अक्का त्या पन्हळीचं पाणी पीत नसे. शेतात असली तर तहानेली राहायची, पण ओढ्यातल्या झिऱ्यावर जायची. पावसाळ्यात दम लागून आजारी पडली आणि महिनाभरात गेली. शेवटी ती तेलुगूतच बोलत होती. घरात कुणालाच ते समजलं नाही. मलाही नाही. इतक्या वर्षांत मी तिची भाषा शिकले नव्हते.

तिला पोरीशेजारीच जागा दिली.

थोरले तिच्यामागं बरीच वर्षं होते. माझे मालक वारले, सवतही गेली, आणि घरात म्हातारे असे थोरले आणि मीच उरलो. त्यांची नजर गेली होती. एका दुपारी मी दाराआड त्यांच्यासाठी ताक ठेवलं आणि वळले, तेव्हा त्यांनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

"बाई, एक इचारू का?"

मी दाराआडच उभी राहिले. आता रीत मोडायला कुणी बघणारंही नव्हतं, तरी पदर ओढला.

"ती तवा माहेरी गेलती, ती परत येणार हाय, ह्ये तुमाला ठाव होतं का?"

मी म्हणाले, "व्हय." माझा त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द तो.

ते भिंतीला टेकले. मग म्हणाले, "पेटी भरून गेली. मला वाटलं, गेली कायमची. पोर गेली, ही बी गेली, आन् झाड तेवढं उभं. गुत्तेदारामुळं न्हाई अन् सोयरिकीमुळं न्हाई. मला त्या झाडाकडं बघवंना." त्यांनी ताकाचं भांडं चाचपून हातात घेतलं आणि प्यायले नाहीत. "पोर माझी बी होती की, बाई. पोरीची वरसं मोजायला ती होती. मी कुणाला सांगणार?"

त्यांना काहीतरी बरं बोलावं असं मला वाटलं. तुम्ही असं समजलात ते साहजिक होतं, असं म्हणता आलं असतं. मी गप्प राहिल्यानं झालं, हेही म्हणता आलं असतं, आणि ते खरंच होतं. पण मला अक्का दिसत होती, बांधावर बोलता बोलता थांबलेली, आणि माझ्यातला राग काही केल्या खाली बसेना. मी म्हणाले, "ताक पिऊन घ्या, आंबंल," आणि आत निघून आले.

ते त्याच हिवाळ्यात गेले. त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांनाही ओढ्याकडंच नेलं, दोघींच्या पायाशी. मी त्या दिवशी खूप रडले. बायकांना वाटलं, थोरल्या दिरासाठी रडते. झाडापाशी आणि दाराआड, दोन्ही वेळा तोंडातच राहिलेल्या शब्दांसाठी मी रडत होते, हे मी कुणाला सांगितलं नाही.